दुखायच्या आधीची गोळी : कॅन्सरच्या वेदना घरी सांभाळताना

"अजून सहन होऊन राहिलं ना, मग गोळी कायले?"

कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा स्वतः पेशंटच असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. गोळ्या जितक्या कमी तितक्या बऱ्या, हा आपला जुना हिशेब. डोकेदुखीला तो चालून जातो, कॅन्सरच्या दुखण्याला उलटा पडतो. गाठ हाडावर, नसेवर किंवा आतड्यावर दाबत असेल तर ती चोवीस तास तिथेच बसलेली असते. गोळीचा असर उतरला की दुखणं परत येणारच. आणि एकदा डोक्यावर चढलेलं दुखणं खाली आणायला औषधही जास्त लागतं आणि वेळही. म्हणून गोळी घड्याळ बघून द्यायची. पेशंट कण्हायला लागेपर्यंत थांबायचं नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी हीच गोष्ट लावून धरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली, तिचा गाभाही तोच : शक्यतो तोंडाने, ठरलेल्या वेळी, दुखण्याच्या जोराप्रमाणे पायरी-पायरीने, त्या माणसाला लागेल त्या मात्रेत.

खाली मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांची चिठ्ठी तुम्हाला वाचता यावी, फोनवर नेमकं विचारता यावं म्हणून. मोठ्या माणसांच्या आहेत, लहान मुलांच्या नाहीत. चिठ्ठी नसताना यातलं काहीही घरच्या घरी सुरू करायचं नाही.

दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय

ओपीडीत पेशंटचा नंबर लागतो आणि डॉक्टरांपुढे तो म्हणतो, "लय दुखते जी." एवढ्यावरून औषध ठरत नाही. आपल्या बोलीत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा. हाडात ठणका असेल तर एक औषध, पोटात मुरडा असेल तर दुसरं. आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी चमक जाते, साडीचा पदर लागला तरी झोंबतं, असं सांगितलं की डॉक्टरांना नसेचं दुखणं कळतं. त्याला नुसत्या पेनकिलरने फार फरक पडत नाही.

त्यासोबत चार गोष्टी लागतात : कुठे दुखतं (बोटाने दाखवायला सांगा, एकापेक्षा जास्त जागा असतात), कुठवर पसरतं, कशाने वाढतं, आणि झोप किती तास लागते. शेवटचा प्रश्न कमी लेखू नका. "बरं हाय" म्हणणारा माणूस रात्री दोन तासच झोपत असेल तर बरं नाही.

आकडा रोज विचारायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. म्हाताऱ्या माणसांना आकडा जमत नसेल तर रुपयाचा हिशेब चालतो : सोळा आण्यांपैकी किती? बोलणं बंद झालेल्या पेशंटचं तोंड बघा. कपाळाला आठ्या, कूस बदलताना घट्ट मिटलेले दात, एकाच जागी सतत जाणारा हात, आंघोळीला नकार, अचानक वाढलेली चिडचिड ही दुखण्याचीच भाषा आहे.

पहिली पायरी, आणि तिथलीच मोठी चूक

सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल. साधी गोळी, पण तिचा हिशेब हमखास चुकतो, कारण ती वेगवेगळ्या नावांनी घरात येते. समजा, डोलो ६५० दिवसातून चार वेळा चालू आहे. ते झाले २,६०० मिलिग्रॅम. दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली. तिच्यात ३२५ असतं. दोन गोळ्या तीन वेळा म्हणजे १,९५०. बेरीज ४,५५०. धडधाकट माणसाची दिवसाची हद्द ४,००० आहे. वजन पन्नास किलोच्या खाली गेलेल्या, खाणं तुटलेल्या किंवा लिव्हर बिघडलेल्या पेशंटची हद्द त्याहून बरीच खाली, २,००० ते ३,००० च्या आसपास येते. वर शेजाऱ्याने सांगितली म्हणून कॉम्बिफ्लाम दिली तर तिच्यातही ३२५ पॅरासिटामॉल आहेच, सोबत ४०० आयब्युप्रोफेन. म्हणून गोळीचं नाव वाचून थांबू नका. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी औषधं हाडाच्या दुखण्यात कामाची आहेत, पण ती किडनी आणि जठर दोन्हीवर भार टाकतात. केमोने प्लेटलेट्स उतरलेल्या असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध आधीच किडनीला त्रास देत असतं, त्यावर ही गोळी म्हणजे दुहेरी मार. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर "एखादी स्ट्राँग पेनकिलर द्या" म्हणून ती घेऊ नका. तशी दोन-दोन एकदम तर कधीच नको. त्याने असर वाढत नाही, धोका मात्र दुप्पट होतो.

आणखी एक. केमो चालू असताना ताप आला तर आधी थर्मामीटर लावा, मग पॅरासिटामॉल. १००.४ च्या वर ताप असेल तर ती तातडीची गोष्ट आहे. आधी गोळी दिली की ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. पॅरासिटामॉल आधीपासून रोज चालूच असेल तर ताप न चढताही इन्फेक्शन असू शकतं. थंडी वाजून अंग कापलं तरी दवाखाना गाठा.

ट्रॅमाडॉल मधल्या पायरीवर येतं. ५० ते १०० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसाला ४०० च्या वर नाही. फिट येणाऱ्यांना आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना ते धोक्याचं, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. ४०० पर्यंत पोचूनही दुखणं पाचच्या वरच असेल तर या पायरीवर रेंगाळत बसू नका. दुखणं सुरुवातीपासूनच जबर असेल तर मधली पायरी गाळून डॉक्टर थेट मॉर्फिन लिहितात, आणि ते बरोबरच असतं.

मॉर्फिन

नाव ऐकलं की घरात दोन समजुती उठतात. एक, ही अफूची गोळी आहे, माणूस व्यसनी होईल. दुसरी, मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला. वेदनेसाठी, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी घेणाऱ्याला नशेची ओढ लागणं क्वचितच घडतं. घरात कोणाला दारूचं किंवा दुसरं व्यसन असेल तर ते मात्र लपवू नका, डॉक्टर त्याप्रमाणे आखणी करतात. शरीराला सवय होते, हे खरं. म्हणून एकदम बंद करायचं नाही. रेडिएशनने गाठ आकसली आणि दुखणं उतरलं की डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि ते सुटतंही. दुसऱ्या समजुतीचं उत्तर सोपं आहे : मॉर्फिन आजाराच्या टप्प्यावर ठरत नाही, दुखण्याच्या जोरावर ठरतं. त्यावर महिनोन्‌महिने घरात चालणारे-फिरणारे, पेपर वाचणारे पेशंट असतात.

साधी गोळी पाऊण-एक तासात पूर्ण कामाला लागते आणि साधारण चार तास टिकते. म्हणून वेळा चार-चार तासांच्या. पहिल्यांदा घेणाऱ्याला बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरुवात होते, म्हणजे १० ची अर्धी गोळी. अशक्त, वयस्कर किंवा किडनी कमजोर असलेल्यांना त्याहून कमी. सोयीच्या वेळा : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दोनला उठवायला नको म्हणून दहाची मात्रा काही डॉक्टर दुप्पट लिहितात. चिठ्ठीत तसं लिहिलं असेल तरच, स्वतःहून नाही.

मधेच दुखणं उसळलं तर काय करायचं हे चिठ्ठीतच असायला हवं. नसेल तर ओपीडीतून उठायच्या आधी विचारून लिहून घ्या. बहुधा उत्तर येतं : दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग, जादा म्हणून. तासाभरात उतरलं नाही तर पुन्हा एकदा. दिवसात तीन-चारच्या वर जादा लागल्या तर फोन. जादा गोळी दिली म्हणून पुढची ठरलेली गोळी चुकवायची नाही, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो.

एक वही करा. शाळेची चाळीस पानी पुरते. एका दिवसाचं पान असं दिसतं :

सकाळी ६ : ५ मिग्रॅ. दुखणं ४.
१० : ५. दुखणं ३.
११.३० : जादा ५, आंघोळीआधी.
२ : ५. दुखणं ३.
४.१५ : जादा ५. दुखणं ७, पाच वाजता ३.
६ : ५. दुखणं ३.
१० : १०. दुखणं ४.
१२.३० : जादा ५. दुखणं ६, मग झोप.
शौच : नाही, दुसरा दिवस.

या पानावरून डॉक्टर अर्ध्या मिनिटात हिशेब करतात. ठरलेलं ३०, जादा १५, एकूण ४५. सहाने भागलं की साडेसात. म्हणजे पाचची मात्रा कमी पडते आहे. आंघोळीआधीची जादा गोळी ते वेगळी धरतील, कारण ते दुखणं हलल्यामुळे आहे. आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून आधी पोट साफ करायचं औषध वाढवतील. वही नसेल तर "जरा जास्तच दुखून राहिलं" एवढंच सांगता येतं, आणि मात्रा अंदाजाने वाढते.

गोळीची वेळ झाली आणि पेशंट झोपलेला असेल तर हळूच हाक मारा. डोळे उघडून नीट बोलला तर गोळी द्या. एक डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दोन एकत्र देऊ नका. गोळी उलटून पडली आणि उलटीत आख्खी दिसली तरच पुन्हा द्यायची.

बारा तास चालणारी मॉर्फिनची गोळी वेगळी असते. ती फोडायची नाही, चावायची नाही, कुटून नळीतून द्यायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. नाकात नळी असलेल्या पेशंटला साधी गोळीच लागते. ती कुटून १०-१५ मिलिलिटर पाण्यात विरघळवा, आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी सोडा, म्हणजे नळी चोंदत नाही.

पोट साफ होणं : अर्धी लढाई इथे

मॉर्फिनने येणारी मळमळ आठवड्याभरात ओसरते, गुंगी दोन-तीन दिवसांत उतरते. बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू आहे तोवर राहतं. मॉर्फिन आतड्याची चालच मंद करतं. म्हणून पहिल्या गोळीच्या दिवसापासून पोटाचं औषध सुरू हवं. कित्येक घरांत पेशंटने मॉर्फिन सोडलेलं असतं ते दुखणं थांबलं म्हणून नाही, चार दिवस संडास झाली नाही म्हणून.

लागतं ते आतडं हलवणारं औषध, रात्री बिसाकोडिल किंवा सेना (सोनामुखी), आणि जोडीला मळ मऊ करणारं लॅक्टुलोजसारखं. इसबगोल इथे नको. ते पाणी शोषून फुगतं, त्याला भरपूर पाणी आणि चालतं आतडं लागतं. आपल्या पेशंटकडे दोन्ही नसतं, मग तो गोळा आतच अडकतो. केळी, पपई, कोमट पाणी जरूर द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

तीन दिवस शौच नाही झाली तर दवाखान्यात कळवा, एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) लागू शकते. फसवा प्रकार एकच : आत वाळलेल्या मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, ते पोटाचं औषध बंद करतात आणि वरून जुलाब थांबवणारी गोळी देतात. बरेच दिवस कोरडे जाऊन अचानक थोडं-थोडं पातळ होत असेल तर आधी तपासून घ्या. पोट फुगलं, उलट्या होतायत, गॅसही सरत नाही, अशा वेळी आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा कोणतंही जुलाबाचं औषध न देता दवाखाना.

मळमळीसाठी पहिल्या आठवड्यात डॉक्टर मेटोक्लोप्रामाइड किंवा हॅलोपेरिडॉल देतात. हॅलोपेरिडॉलचं नाव गुगलवर शोधून "ही तर वेड्यांची गोळी" म्हणून ती बाजूला ठेवणारे बरेच असतात. छोट्या मात्रेत ती उलटीवरच काम करते.

नागपूरचा उन्हाळा

मॉर्फिन लिव्हरमध्ये मोडतं आणि त्याचे उरलेले भाग लघवीवाटे बाहेर पडतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलरसमोर बसूनही अंग सुकतं आणि तोंड आलेला पेशंट पाणी पीत नाही. लघवी कमी झाली की हे भाग अंगात साठायला लागतात. काल झेपत असलेली तीच मात्रा आज जास्त होते. सोबत डायक्लोफेनॅक चालू असेल तर किडनी आणखी मंदावते. नवतपात (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पेशंट "अचानक भ्रमिष्ट" होतो त्यामागे हे कारण असू शकतं.

पहिल्या खुणा लहान असतात : झोपेत हातपाय झटके देतात, हातातला कप हिसडतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, बोलण्यात गोंधळ. लघवी दिवसातून तीन वेळांपेक्षा कमी आणि गडद पिवळी झाली की त्याच दिवशी फोन करा. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, ताक, पातळ आंबील, भाताची पेज, जे उतरेल ते.

फेंटानिलचा पट्टा लावलेला असेल तर ऊन दुसऱ्या बाजूने नडतं. हा पट्टा ७२ तासांचा. पहिल्यांदा लावल्यावर असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध किती चालू ठेवायचं ते विचारून घ्या. कातडी तापली की औषध वेगाने आत शिरतं. गरम पाण्याची पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, उन्हातला प्रवास, चढलेला ताप, सगळ्याने तेच होतं. घामाने कडा सुटतात, म्हणून छातीच्या वरच्या भागावर किंवा दंडावर, केस कमी असलेल्या कोरड्या कातडीवर लावा. आधी साबण, तेल, पावडर काही नको. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. तारीख-वेळ पट्टीवर लिहून शेजारी चिकटवा. पट्टा कापायचा नाही. पहिल्यांदा ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं औषध) घेणाऱ्याला तो चालत नाही : २५ मायक्रोग्रॅमचा पट्टा म्हणजे दिवसाला साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम मॉर्फिनची बरोबरी. काढलेल्या पट्ट्यातही औषध उरतं. चिकट बाजू आत करून दुमडा आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. लहान मुलाच्या अंगाला चिकटला तर जीव जाऊ शकतो.

तोंडाचा कॅन्सर

खर्‍र्‍याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) या मुलखात हा भाग वेगळा सांगावाच लागतो. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं आणि पेशंट जेवण सोडतो. उकळून गार केलेल्या एका ग्लास पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा गुळणी. रोज ताजं करा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यात बहुधा अल्कोहोल असतं. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं बधिर करणारं लिग्नोकेन जेल लावलं तर चार घास जास्त जातात. पण घसाही बधिर होतो, म्हणून बसवूनच भरवा, घाई नको. तर्री, सावजी, लोणचं, संत्र्याचा रस बाजूला. मऊ वरण-भात, शिरा, दूध-केळं, अंड्याचा बलक, कोमट किंवा गार.

खर्रा उपचारात चालू राहिला तर जखम भरत नाही आणि दुखणंही हटत नाही. "आता काय फरक पडते" हे उत्तर ऐकून सोडून देऊ नका.

गालाबाहेर आलेल्या जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकता येते, वास दोन-तीन दिवसांत कमी होतो. ड्रेसिंगच्या आधी पाऊण तास जादा मॉर्फिन द्या. चिकटलेला गॉझ ओढू नका, सलाइनने भिजवून सुटू द्या. जखम उघडी ठेवली की माशी बसते. अळ्या दिसल्या तर लाज न बाळगता त्याच दिवशी दवाखाना.

हाड आणि नस

हाडात पसरलेल्या गाठीच्या दुखण्याला रेडिएशनचा मोठा उपयोग होतो. बऱ्याचदा एकाच बैठकीत ८ ग्रे पुरतात, महिनाभर रोज यावं लागत नाही. मात्र आराम यायला दोन-चार आठवडे जातात आणि पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं, तेव्हा "शेक लागला नाही" असं समजून निराश होऊ नका. हाडं बळकट करणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. कूस बदलताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, हात धरून ओढू नका, खाली चादर घालून दोघांनी मिळून सरकवा. काटोल-उमरेडहून गाडीने यायचं असेल तर निघण्याआधी पाऊण तास जादा गोळी.

नसेच्या दुखण्याला प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, बहुधा रात्री, छोट्या मात्रेने सुरू. असर कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. चक्कर येते, म्हणून रात्री मोरीपर्यंत दिवा चालू ठेवा आणि सोबत कोणी जा. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असेल तर सकाळी नाश्त्यानंतर द्या. संध्याकाळी दिली की रात्रभर झोप उडते. शुगरही तपासत राहा.

औषध मिळवणं आणि ठेवणं

मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत चार दुकानं पालथी घातली तरी हात हलवत परत याल. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली बदल झाला आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट सोपी केली गेली. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून याच कायद्याखाली आहे, म्हणून दुकानदार चिठ्ठी मागतो तर त्याच्याशी भांडू नका. मानेवाड्याकडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स, फाइल जिथे असेल तिथे आधी पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) ओपीडी विचारा. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून येणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत सांगावं की गाव लांब आहे, पुढच्या वेळेपर्यंत पुरेल एवढं औषध लिहा. पाच दिवसांचं शिल्लक असतानाच निघा. दिवाळीच्या सुट्टीत शेवटच्या दोन गोळ्या हातात घेऊन धावाधाव करण्याची वेळ येते ती यामुळेच. नेणारा नातेवाईक असेल तर पेशंटची फाइल, जुनी चिठ्ठी, वही आणि स्वतःचं ओळखपत्र सोबत द्या.

घरी कुलपात ठेवा. एकाच माणसाने द्यायचं, मोजून, वहीत लिहून. दुसऱ्या कोणाच्या पाठदुखीला त्यातली गोळी जाता कामा नये. मॉर्फिनसोबत दारू नाही, आणि डॉक्टरांना न सांगता अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळीही नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

थांबू नका, निघा

पाठीत नवीन दुखणं, त्यासोबत पाय जड, मुंग्या किंवा लघवी-संडासचा ताबा गेलेला : मणक्यातली नस दाबली जाते आहे. हे त्याच दिवशीचं काम. चालणं एकदा पूर्ण गेलं की परत येणं कठीण. सकाळची ओपीडी बघू म्हणू नका.

हाक मारून, खांदा हलवूनही पेशंट जागा होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या, श्वास मिनिटाला आठच्या खाली (घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा) : पुढची गोळी देऊ नका, पट्टा असेल तर काढा, १०८ ला फोन करा, कुशीवर झोपवा. कोणती गोळी किती वाजता दिली ते वहीतून वाचून सांगा.

हात-पाय न आपटताही अचानक हाड मोडल्यासारखी कळ, तोंडाच्या किंवा मानेच्या जखमेतून न थांबणारं रक्त (स्वच्छ, गडद रंगाचा टॉवेल घट्ट दाबून धरा), घड्याळाप्रमाणे औषध देऊनही चोवीस तास आकडा सातच्या खाली येत नाही : यासाठीही रात्र-दिवस बघायचं नाही.

गिळणं बंद झाल्यावर

शेवटच्या दिवसांत पेशंट गिळेनासा होतो आणि घरचे गोळ्या थांबवतात, "आता कशाला त्रास." दुखणं मात्र थांबलेलं नसतं, आणि सवय झालेलं मॉर्फिन एकदम तुटल्याने तळमळ वाढते. घास ठसकायला लागला की लगेच दवाखान्यात कळवा. कातडीखाली बारीक सुई ठेवून त्यातून औषध देता येतं, घरच्या माणसाला ते शिकवलंही जातं, किंवा पट्ट्यावर नेता येतं. बीपी-शुगरच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांतल्या कोणत्या आता बंद करायच्या तेही विचारा, वेदनेचं औषध मात्र शेवटपर्यंत. ओठांना व्हॅसलिन, दर दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसणं, कूस बदलणं चालू ठेवा. बेशुद्धीतही कूस बदलताना कपाळावर आठी आली तर ती वहीत लिहा आणि कळवा.

सगळं झाल्यावर उरलेल्या गोळ्या आणि पट्टे मोजून, ज्या दवाखान्यातून आणले तिथेच परत करा. कचऱ्यात, नालीत किंवा पुढच्या कोणासाठी म्हणून कपाटात नाही.